हरिण हलाल आहे, मग शिकार का नाही?

हिवाळा लागला आणि हरभरा फुलावर आला की आमच्या वऱ्हाडात रात्रीच्या जागली सुरू होतात. काळवीट, रोही आणि रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. त्याच दिवसांत मोबाइलवर काही व्हिडिओ फिरू लागतात. जीपच्या उजेडात डोळे चमकणारे हरिण, मागे हसण्याचे आवाज, मग बंदुकीचा बार. कुणाच्या तरी घरी मांसाची पिशवी पोहोचते. आठ-पंधरा दिवसांनी पेपरात बातमी येते: इतके किलो मांस जप्त, इतके जण ताब्यात. नावे आपल्यातली असली की मोहल्ल्यात दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, ‘हरिण तर हलाल आहे, त्यात एवढे काय?’ आणि दुसरे, ‘आपली पोरे आहेत म्हणून धरली.’

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. नववी-दहावीची मुले यातला पहिला प्रश्न मला थेट विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. माझे उत्तर असे: हरिण हलाल आहे की नाही हा एक प्रश्न, आणि आज, इथे, मी त्याची शिकार करू शकतो की नाही हा दुसरा. आपण दोन्हींची गल्लत करतो. आपल्या दीनने मात्र हे दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवले आहेत.

कायदा काय म्हणतो

आधी कायदा पाहू, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. परदेशी संकेतस्थळांवर हरणाच्या शिकारीचे मोसम आणि परवान्यांची माहिती मिळते. ती वाचून काहींना वाटते की आपल्याकडेही कुठेतरी असा परवाना मिळत असेल. मिळत नाही. भारतात हरणाच्या शिकारीला मोसम नाही. बाराही महिने बंदी आहे.

आपण बोलताना सगळ्यांनाच हरिण म्हणतो, पण त्यात दोन घराणी आहेत. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही यांची शिंगे जन्मभर टिकतात. ही कुरंगांची जात. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही घराणी संरक्षित आहेत. काळवीट आणि चिंकारा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली, किंवा अभयारण्यात कुठल्याही वन्यप्राण्याची शिकार केली, तर किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. शिकारीत वापरलेली गाडी आणि हत्यार सरकारजमा होते. ती गाडी बापाने कर्ज काढून घेतलेली असली तरीही.

‘शिकार’ या शब्दाचा कायद्यातला अर्थही समजून घ्यायला हवा. गोळी घालणे एवढाच तो नाही. फासा लावणे, जाळे टाकणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाकारे देऊन जनावर पळवणे, जखमी करणे, आणि यातले काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळे शिकारच आहे. ‘मी फक्त बॅटरी धरली होती’ किंवा ‘मी फक्त गाडी चालवत होतो’ हे सांगून सुटका होईल, या भरवशावर कुणी राहू नये.

आणखी एक कलम माहीत असावे. बेकायदा मारलेला, मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता ठरते. रस्त्यावर गाडीच्या धडकेने मेलेले चितळ ‘फुकट जाईल’ म्हणून घरी आणणे हाही गुन्हा आहे. असा प्राणी कुठल्याही कारणाने हाती आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवून ताब्यात द्यावा लागतो. आपल्यासाठी तर इथे वादालाच जागा नाही. धडकेने मेलेले जनावर शरीअतच्या नियमानेही मुरदार आहे. ते खाणारा एकाच घासात दोन्ही कायदे मोडतो.

मोसम होता, तो का संपला

बंदी काही एका दिवसात आली नाही. इंग्रजांच्या राजवटीत १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. हरणांसह काही प्राण्यांसाठी प्रांतिक सरकारांनी ‘बंद काळ’ ठरवायचा आणि त्या काळात मारणे किंवा धरणे गुन्हा मानायचा, अशी ती रीत होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई राज्याने स्वतःचा कायदा केला. पुढे १९७२ चा केंद्रीय कायदा आला, पण तेव्हाही शिकार पूर्ण बंद झाली नव्हती. मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा असे परवाने होते.

त्या परवान्यांच्या अटी आज वाचण्यासारख्या आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी शिकार नाही. गाडीतून नाही. पाणवठ्यावर किंवा पाणवठ्याच्या वाटेवर दबा धरून नाही. विष, स्फोटके, खड्डे, जाळी नाहीत. खास परवानगीशिवाय पिल्लू मारायचे नाही, मादी मारायची नाही आणि ज्या नराच्या शिंगांवर अजून मखमली कातडी आहे तोही मारायचा नाही. म्हणजे परवाने चालू होते त्या काळातही, आजच्या व्हिडिओतली जीप, रात्र आणि बॅटरी ही तिन्ही नियमबाह्यच ठरली असती. ‘पूर्वी सगळे चालायचे’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पूर्वी चालायचे, कारण नियम पाळून घेणारे कुणी नव्हते.

हे परवाने १९९१ च्या दुरुस्तीने संपले. मोसम आखण्यामागचा विचार साधा असतो: विणीच्या आणि पिल्ले अंगावर पिण्याच्या काळात आईला हात लावायचा नाही. ब्रिटनमध्ये हा विचार आजही पाळला जातो. इंग्लंडमध्ये तांबड्या हरणाच्या नराचा मोसम १ ऑगस्ट ते ३० एप्रिल, पण मादीचा १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मलेली पिल्ले नोव्हेंबरपर्यंत आपल्या पायावर उभी राहतात, म्हणून हा फरक. रात्री शिकारीला तिथेही मनाई आहे. तिथे हरणे फार वाढली आहेत आणि त्यांना खाणारा वाघ किंवा लांडगा उरलेला नाही, म्हणून माणसाला ते काम करावे लागते. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी भाऊबंदांपैकी कुणी परवाना काढून, मोसम पाळून शिकार करत असेल, तर त्याला आक्षेप घेण्याचे मला कारण दिसत नाही.

आपल्याकडचे चित्र उलटे आहे. इथे बिबट्या आहे, लांडगा आहे, वाघ आहे आणि त्यांच्या वाट्याचे गवताळ रान आक्रसत चालले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. एखाद्या मोठ्या गावाचा शिवारही त्याहून मोठा असतो. वाशीम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्यही लहानच. काळविटांना ना भिंत कळते ना हद्द; ते शेतांत, माळांवर, आपल्यातच राहतात. शिवाय आपल्या हरणांचे वेळापत्रक एक नाही. सांबराचा माजाचा काळ हिवाळ्यात, चितळाचा साधारण उन्हाळ्यात, भेकराची वीण वर्षभर. सगळ्यांना पुरेल असा एकच मोसम इथे बसवणे कठीण. म्हणून बारमाही बंदी मला पटते.

दीन काय शिकवतो

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. मी आलिम नाही, मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण कुरआन समजून वाचणाऱ्या कुणालाही दिसेल अशी एक गोष्ट सूरह माइदामध्ये आहे. त्या सूरहमध्ये शिकारीची परवानगी आहे, शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेल्या जनावराचा हुकूमही आहे. आणि त्याच सूरहमध्ये इहरामच्या स्थितीत जमिनीवरची शिकार मना केली आहे. समुद्राची शिकार मात्र चालू ठेवली आहे. प्राणी तोच, मांस तेच, माणूसही तोच. तरी त्या स्थितीत हात आवरायचा. कुणी जाणूनबुजून शिकार केलीच, तर दोन न्यायी माणसांनी तिच्या तोडीचे पाळीव जनावर ठरवायचे आणि ते भरपाई म्हणून द्यायचे, किंवा गरिबांना जेवू घालायचे, किंवा रोजे ठेवायचे. हरणाच्या बदल्यात बकरी, असा हिशेब फिकहच्या ग्रंथांत आढळतो.

ही स्थितीची बंदी झाली. जागेचीही बंदी आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत शिकार तर नाहीच, तिथल्या शिकारीच्या जनावराला बिचकवणेही मना आहे. तिथले झाडझुडूप तोडायलाही मनाई आहे. अभयारण्य म्हणजे काय, हे मुसलमानाला वेगळे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

हजरत अबू कतादा यांचा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. ते स्वतः इहराममध्ये नव्हते, सोबतचे लोक होते. अबू कतादांनी रानगाढवाची शिकार केली. मांस खावे की नाही, असा पेच सोबत्यांना पडला. पैगंबरांनी (स.) त्यांना विचारले, ते असे: तुमच्यापैकी कुणी त्यांना शिकार करायला सांगितले होते का, जनावराकडे खूण केली होती का? नाही म्हटल्यावर खायची परवानगी मिळाली. म्हणजे नुसती खूण करणारा बोटाचा इशाराही शिकारीत धरला गेला. ‘मी फक्त बॅटरी धरली होती’ म्हणणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग सांगतो.

याच सूरहमध्ये अशीही समज दिली आहे की शिकार तुमच्या हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणून तुमची परीक्षा घेतली जाईल. हरिण दूर असते तेव्हा संयमाची किंमत नसते. ते दहा पावलांवर, उजेडाने दिपून उभे असते आणि हातात बंदूक असते, तेव्हा माणसाची ओळख होते.

कुणी म्हणेल, ती बंदी अल्लाहने घातली आणि ही संसदेने. फरक आहे, मान्य. पण देशाचा जो कायदा आपल्याला पाप करायला लावत नाही, उलट जीव वाचवायला सांगतो, तो पाळणे हा आपण दिलेल्या शब्दाचा भाग आहे. आणि सूरह माइदाची पहिलीच आज्ञा करार पाळण्याची आहे. शिवाय मालकीचाही प्रश्न आहे. शेजाऱ्याची बकरी चोरून तिच्यावर बिस्मिल्लाह म्हटले, तर चोरी धुऊन निघते का? रानातले हरिण आज सगळ्यांची अमानत आहे. त्यात माझ्या हिंदू शेजाऱ्याचा वाटा आहे आणि अजून जन्माला न आलेल्या माझ्या नातवाचाही.

इतिहासातही एक दाखला आहे. जहांगीर बादशहा शिकारीचा मोठा षौकी होता. पण मनसराज नावाचे त्याचे लाडके हरिण मेल्यावर त्याने त्या माळावर हरणाची शिकार बंद केली. तिथल्या हरणाचे मांस हिंदूंनी गाईच्या आणि मुसलमानांनी डुकराच्या मांसासारखे मानावे, असा हुकूम काढल्याचे त्याने आपल्या आत्मचरित्रातच लिहिले आहे. पाकिस्तानातल्या शेखूपुऱ्याचा हिरन मिनार त्याच हरणाची आठवण म्हणून ओळखला जातो. बादशहाला हरिण हलाल आहे हे माहीत नव्हते असे थोडेच आहे!

‘आपली म्हणून धरली’

आता दुसरे वाक्य. सलमान खानचे प्रकरण या बाबतीत हमखास निघते. १९९८ मध्ये जोधपूरजवळच्या कांकाणी गावातल्या काळविटांच्या शिकारीबद्दल त्याला २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि दोनच दिवसांत जामीनही मिळाला. ‘तो मुसलमान म्हणून’ असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की ते प्रकरण लावून धरणारे बिश्नोई लोक आहेत. त्यांच्यासाठी काळवीट आणि खेजडीचे झाड हा श्रद्धेचा विषय आहे. १७३० मध्ये खेजडली गावात झाडे वाचवताना त्यांच्या माणसांनी प्राण दिले. त्यांच्या शिवारात काळवीट मारणारा कुठल्याही धर्माचा असता, तरी ते गप्प बसले नसते.

पक्षपात होतच नाही असे मी म्हणत नाही. जप्त मांसाची बातमी कुठल्या नावाबरोबर कशी रंगते, हे आपण सगळे पाहतो. गोवंशाच्या संशयावरून लोकांना मारहाण होते त्या काळात मांसाची कुठलीही पिशवी आपल्या पोरांना किती महाग पडू शकते, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण त्यातून ‘गुन्ह्याकडे दुर्लक्ष करा’ असा निष्कर्ष निघत नाही. खोटा आळ आला तर वकील देऊ, रस्त्यावर येऊ. खरी शिकार केली असेल तर समाजाची ताकद तिच्यामागे उभी करू नये. नाहीतर खऱ्या अन्यायाच्या वेळी आपले कुणी ऐकणार नाही.

खरा अन्याय पाहायचा असेल तर फासेपारध्यांकडे पाहा. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून जगणाऱ्या या लोकांना इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकले. १९५२ मध्ये ती यादी गेली, शिक्का मात्र पुसला गेला नाही. मग शिकारही बंद झाली आणि बदल्यात जमीन, शिक्षण, रोजगार फार थोड्यांच्या हाती आला. पोटासाठी तितर धरणाऱ्यावर कायदा लगेच चालतो; महागडी रायफल आणि चार चाकांची हौस घेऊन येणाऱ्याला तारखांवर तारखा मिळतात. कायद्याबद्दल तक्रार करायची असेल तर ही करावी. हौसेखातर शिकार करणाऱ्या आपल्या पोरांना या दुःखाच्या आडोशाला उभे करू नये.

शेतकऱ्याचे काय?

हा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. रोह्यांचा कळप एका रात्रीत तुरीचा चट्टामट्टा करतो. ज्याचे पीक गेले त्याला काळविटाचे सौंदर्य सांगून उपयोग नाही. कायद्यात त्याच्यासाठी वाट आहे. पिकाचे नुकसान झाले तर पंचनामा आणि भरपाई मागता येते. पहिल्या अनुसूचीत नसलेला रोही किंवा रानडुक्कर फारच उपद्रव देत असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी घेऊन त्याचा बंदोबस्त करता येतो. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ही पद्धत सोपी करण्याचा प्रयत्नही केला. मात्र परवानगीने मारलेला प्राणीसुद्धा वनविभागाचाच. त्याचे वाटे घालता येत नाहीत. भरपाई तुटपुंजी असते, उशिरा येते, पंचनाम्याला माणूस वेळेवर येत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यासाठी हिंदू-मुसलमान शेतकऱ्यांनी मिळून भांडले पाहिजे. कुंपणात विजेचा चोरटा प्रवाह सोडणे हा उपाय नाही. त्यात हरणाबरोबर जागलीला आलेला शेजारीही मरतो.

घरात काय पाहावे

शेवटी मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. जुन्या घरांत हरणाचे कातडे जानमाज म्हणून वापरलेले असते, भिंतीवर सांबराची शिंगे असतात, पोराला सर्दी झाली की उगाळून लावायचे सांबरशिंग डब्यात असते. कायदेशीर नोंद नसेल तर अशी वस्तू बाळगणेही अंगाशी येऊ शकते. वकिलाचा सल्ला घ्या आणि विकायचा विचारही करू नका. कुणी ‘रानातला माल’ म्हणून मांस आणले तर परत पाठवा. लग्नाच्या दावतीत ते शिजणार असल्याचे कळले तर पाहुण्यांआधी आपण उठून जा. जखमी हरिण दिसले, शिकारीची खबर लागली, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

आणि इमामसाहेबांना विनंती: हिवाळ्यातल्या एका जुम्याला या विषयावर दहा मिनिटे बोला. इहरामचे मसले आपण हजला निघालेल्यांनाच सांगतो. हात पोहोचत असूनही आवरता येतो, ही त्यातली शिकवण हजला कधीच जाऊ न शकणाऱ्या पोराच्याही कामाची आहे.